ओढणारी की ढकलणारी?

मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी आणि जर्मन बीएमडब्ल्यू थ्री सिरीज यांची पत्रिका एका बाबतीत तंतोतंत जुळते. दोघींचं इंजिन पुढे आणि त्याची ताकद मागच्या चाकांना. मोटारींचे दर्दी ज्या रचनेचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात, ती रचना वर्षानुवर्षं दादर स्टेशनबाहेर रांगेत उभी होती आणि आपण तिच्या खिडकीत डोकं घालून 'परळला येणार का?' एवढंच विचारत होतो. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. वर्तमानपत्रांनी हळवे मथळे दिले, लोकांनी फोटो काढले. पण 'अरेरे, रिअर व्हील ड्राइव्ह गेली!' म्हणून टिपं गाळणारा एकही मायेचा पूत निघाला नाही.

आता काळ बदललाय. पूर्वी घरात गाडीचा विषय निघाला की प्रश्न ठरलेले असत. अ‍ॅव्हरेज किती देते? डिकीत मोठी बॅग आडवी बसते का? आत्याचे गुडघे दुखतात, तिला मागे चढता येईल का? 'चालवायला मजा येईल का?' असं कुणी विचारत नसे. मजा ही गाडीतून उतरल्यावर, महाबळेश्वरला पोचून करायची गोष्ट होती. हल्ली मात्र प्रत्येक घरात एक तरी भाचा असा तयार झालेला असतो, की ज्याला गाडीच्या आत मजा हवी असते.

'मामा, तू फ्रंट व्हील ड्राइव्ह घेतोयस?' आमच्या भाच्याने हे विचारलं ते मी भिशीच्या पैशांवर जुगार खेळलोय अशा सुरात.

'का रे? चाकं चार आहेत की तिला.'

'चार आहेत, पण काम दोनच करतात. आणि तीसुद्धा चुकीची दोन.'

त्याचं म्हणणं समजून घ्यायचं तर थोडं यंत्रशास्त्र गिळावं लागतं. गाडीच्या पुढच्या चाकांकडे एक काम जन्मजात असतंच, ते म्हणजे दिशा देणं. उरतो प्रश्न गाडी हलवण्याचा. रिअर व्हील ड्राइव्ह गाडीत दिशेचं खातं पुढच्या चाकांकडे आणि ताकदीचं खातं मागच्यांकडे असतं. फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये दोन्ही खाती एकाच मंत्र्याकडे. एरवी हा कारभार सुटसुटीत चालतो. खर्च वाचतो, जागा वाचते, फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जात नाही. पण गृह आणि अर्थ एकत्र सांभाळणाऱ्या मंत्र्याच्या नशिबी एखादा दिवस असा येतो, की अर्थसंकल्पही त्याच दिवशी मांडायचा असतो आणि दंगलही त्याच दिवशी होते. गाडीच्या बाबतीत तो दिवस म्हणजे पावसाळ्यातलं घाटातलं वळण. टायर रस्त्याला टेकतो ती जागा जेमतेम तळहाताएवढी. तेवढ्या जागेत जी काही पकड मिळेल ती ओढण्यासाठी वापरायची की वळण्यासाठी, हा पेच पुढच्या चाकांना पडतो. आपण भर वळणात ॲक्सिलरेटर दाबतो, चाकं ओढायच्या नादात वळायचं विसरतात, आणि स्टिअरिंग उजवीकडे फिरवलेलं असतानाही गाडी सरळ निघते, ती कठड्याजवळच्या 'घरी कुणीतरी तुमची वाट पाहत आहे' या पाटीच्या दिशेने. याला म्हणायचं अंडरस्टीअर. मागची दोन चाकं तोवर काय करतात? काही नाही. ती बिनखात्याची. गाडीबरोबर दौऱ्यावर असतात, इतकंच.

ताकद मागे दिली की पुढची चाकं निवांतपणे दिशेचं काम बघतात. शिवाय गाडी वेग घेते तेव्हा तिचं वजन मागे सरकतं, म्हणजे ज्या चाकांना पकड हवी त्यांच्यावरच भार पडतो. नेमक्या त्याच क्षणी फ्रंट व्हील ड्राइव्हची पुढची चाकं हलकी झालेली असतात. आता मागच्या चाकांनाही अति झालं की ती घसरतात आणि गाडीचं शेपूट डोक्याला ओलांडून पुढे जायला बघतं. हा ओव्हरस्टीअर. दोन्हींतला फरक पुस्तकात वाचण्यापेक्षा गॅरेजवाल्याला विचारावा. अंडरस्टीअरवाला येतो तेव्हा बंपर, हेडलाइट आणि रेडिएटर बदलावा लागतो. ओव्हरस्टीअरवाल्याचं मागचं पत्र्याचं काम निघतं. विमा कंपनी दोघांकडे सारख्याच संशयाने बघते.

गंमत अशी, की दर्दी लोक ज्या मागच्या चाकांसाठी झुरतात, ती आपल्याला नको इतकी मिळालेली होती. १९६४ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडली, तीच पुढे पद्मिनी झाली. तिकडे बंगालात उत्तरपाड्याला अ‍ॅम्बेसेडर बनत होती. दोघी मागच्या चाकांच्या. म्हणजे कित्येक वर्षं या देशात मोटार घेणारा बहुतेक प्रत्येक माणूस, इच्छा असो वा नसो, रिअर व्हील ड्राइव्हचा शौकीन होता. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच लावलेला, पुढे सलग बाकासारखी सीट. मागे पाट्यांचं सस्पेन्शन, त्यामुळे खड्डा आला की चाकाच्या आधी प्रवासी उडायचे. बोरघाट चढताना इंजिन तापायचं, मग गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडायचं, फडकं धरून रेडिएटरचं झाकण हळूच सैल करायचं आणि वाफ निघून जाईपर्यंत डबा उघडून बटाट्याची भाजी खायची. त्या घाटात शेपूट घसरवण्याइतका वेगच कधी आला नाही. मजा म्हणायची ती पोचण्याची.

मागच्या चाकांची किंमत मात्र एका माणसाने रोख मोजली. मागच्या सीटवर मधोमध बसणाऱ्याने. इंजिन पुढे आणि चाकं मागे, म्हणजे दोघांना जोडणारा एक लांबलचक प्रॉपेलर शाफ्ट गाडीच्या पोटाखालून न्यावा लागतो. त्याच्यासाठी फरशीत मधोमध उंचवटा. ही जागा घरातल्या सगळ्यांत लहान मुलाची, किंवा नव्याने लग्न होऊन आलेल्या आणि अजून तक्रार करू न शकणाऱ्या जावयाची. त्याचे गुडघे हनुवटीला लागलेले असत आणि मांडीवर कुणाचा तरी लाडवांचा डबा असे. त्याला कुणी सांगितलं असतं की 'आपण तोल आणि नियंत्रण यांच्या दृष्टीने आदर्श समजल्या जाणाऱ्या रचनेवर विराजमान आहात', तर त्याने तो डबा सांगणाऱ्याच्या डोक्यात घातला असता.

जावयाची सुटका केली ती मारुतीने. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली गेली, आणि त्या दिवसापासून मध्यमवर्गाला पुढची चाकं ओढायला लागली. तीन सिलिंडरचं ७९६ सीसीचं इंजिन बॉनेटखाली आडवं बसवलेलं, गिअरबॉक्स त्याच्या शेजारी, तिथल्या तिथे ताकद पुढच्या चाकांना. शाफ्ट नाही, मागे डिफरन्शियल नाही, तो उंचवटाही जवळपास नाहीसा. गाडी हलकी, आत जागा जास्त, आणि इंजिनाचं वजन ओढणाऱ्या चाकांवरच असल्यामुळे चिखलातून बाहेर पडायला बरी.

ही युक्ती मूळची मारुतीची नाही. सुएझच्या संकटात इंग्लंडला पेट्रोलची टंचाई झाली, तेव्हा अ‍ॅलेक इसिगोनिस नावाच्या अभियंत्याने दहा फुटांत चार माणसं बसवायचं मनावर घेतलं आणि १९५९ मध्ये मिनी आणली. इंजिन आडवं, गिअरबॉक्स त्याच्याच पोटात, चाकं चार कोपऱ्यांत. त्यावर फियाटच्या दान्ते जाकोसा यांनी गिअरबॉक्स इंजिनाच्या टोकाला जोडायची सुधारणा केली. ती पहिल्यांदा आली आउटोबियांकी प्रिमुला या गाडीत, १९६४ साली. म्हणजे ज्या वर्षी कुर्ल्यात डिलाइटची मुहूर्तमेढ झाली, त्याच वर्षी तिच्याच माहेरी तिला संपवणारी रचना रस्त्यावर आली होती. आणि मूळची ११०० ज्यांच्या हाताखाली घडली, तेही जाकोसाच. आपल्याकडे ही बातमी पोचायला वीसेक वर्षं लागली. तेवढी तर तेव्हा गाडीचा नंबर लागायलाही लागायची असं सांगणारे लोक आहेत.

'पण फ्रंट व्हील ड्राइव्ह म्हणजे नुसती भाजी आणायची गाडी,' भाचा म्हणतो. हे त्याने ज्या व्हिडिओत ऐकलं, तो करणाऱ्याने बहुधा माँटे कार्लो रॅलीबद्दल वाचलेलं नसावं. बर्फाळ डोंगरांतली ही शर्यत चिमुकल्या मिनीने १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये जिंकली. १९६६ मध्येही पहिल्या तिन्ही गाड्या मिनीच होत्या. संयोजकांनी त्यांना हेडलाइटच्या दिव्यांचं कारण काढून बाद केलं आणि बक्षीस सित्रोएनला दिलं. ती सित्रोएनसुद्धा पुढच्या चाकांचीच होती. फिनलंडच्या चालकांनी तर डाव्या पायाने ब्रेक आणि उजव्याने ॲक्सिलरेटर एकाच वेळी दाबून मिनीचं शेपूट हवं तेव्हा फिरवायची विद्याच काढली होती. आपल्याकडेही दोन्ही पाय एकाच वेळी वापरणारे आहेत. ते क्लचवर पाय ठेवून नाशिकला जातात.

भाच्याचं दैवत आहे माझदाची एमएक्स-५. १९८९ मध्ये आलेली, दोनच माणसांची, टनाच्या आतबाहेर वजनाची, पुढे इंजिन आणि मागे ताकद. ती भारतात विकायला आलीच नाही, त्यामुळे भक्तीत कधी खंड पडत नाही. तिच्याबद्दल तो बोलायला लागला की वजनाची पन्नास-पन्नास टक्के वाटणी, गुरुत्वमध्य, स्टिअरिंगचा 'फील' असे शब्द येतात. स्वतः तो वडिलांची वॅगन आर चालवतो, आणि तीही आई शेजारी बसली की तिसऱ्या गिअरच्या पुढे जात नाही.

बरं, हा 'फील' खरंच कळतो का? २०१० मध्ये बीएमडब्ल्यूच्या प्रमुखांनीच सांगितलं होतं, की त्यांच्या वन सिरीज गाडीच्या दहातल्या आठ मालकांना आपली गाडी पुढच्या चाकांवर चालते असं वाटतं. ती होती मागच्या चाकांची! कंपनी इतकी वर्षं जाहिरातीत ज्याचे ढोल बडवत होती, ते मालकांच्या गावीही नव्हतं. कंपनी शहाणी. २०१९ मध्ये तिने वन सिरीज मुकाट्याने पुढच्या चाकांवर आणली. मालकांच्या समजुतीला धक्का लागला नाही, उलट ती अखेर खरी झाली.

तरीही फरक असतो, आणि तो पुण्याच्या सिग्नलला नाही, तरी ताम्हिणीत कळतो. पाऊस नुकताच थांबलाय, रस्ता काळाभोर ओला, दुसऱ्या गिअरमध्ये उलटं फिरणारं चढाचं वळण. साधी पुढच्या चाकांची हॅचबॅक घ्या आणि वळणाच्या मध्यावर ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबा. आतलं चाक 'च्यँव' करून फिरतं, स्टिअरिंग हातातल्या हातात हिसका देतं, नाक बाहेर जायला लागतं. आता घाबरून ब्रेक न मारता नुसता पाय सैल करा. नाक शहाण्या मुलासारखं परत आत येतं. पुन्हा दाबा, पुन्हा बाहेर. सोडा, पुन्हा आत. गाडीशी हा जो पायाने संवाद चालतो, तीसुद्धा मजाच आहे, आणि ती तासाला तीस-पस्तीसच्या वेगात फुकट मिळते.

तेच वळण एका मित्राच्या जुन्या थ्री सिरीजमध्ये घेतलं, तेव्हा स्टिअरिंग गप्प. हिसका नाही, कुरकुर नाही, पुढची चाकं जिथे दाखवाल तिथे. ॲक्सिलरेटर दाबला की कुणीतरी मागून हात लावून गाडी वळणात बसवून दिल्यासारखं वाटतं. आणि ही जाणीव हाताला होत नाही, कमरेला होते. मराठी माणसाचा कमरेशी आणि ड्रायव्हिंगशी एकाच वाक्यात संबंध येतो तो फक्त दुखण्यापुरता. त्यामुळे हा सुखद संदेश ओळखायला थोडा वेळ लागतो. पण एकदा ओळखला की भाच्याबद्दल मनात जरा आदर वाटायला लागतो. तो त्याला बोलून दाखवायचा नसतो.

वजनाच्या वाटणीचं म्हणाल, तर आपल्याकडे ती कारखान्यात ठरतच नाही. पुढच्या चाकांच्या हॅचबॅकचं साठेक टक्के वजन पुढच्या बाजूला असतं. मे महिन्यात हीच गाडी रत्नागिरीला पाठवा. परत येताना डिकीत आंब्याच्या पेट्या, त्यांच्यावर फणस, फणसाच्या फटीत नारळ, कोकमाच्या बाटल्या, आणि मागच्या सीटवर तिघं, ज्यांतल्या दोघांच्या पायाशी पुन्हा पेट्या. जर्मन अभियंते बॅटरी उचलून डिकीत ठेवणं वगैरे उपद्व्याप करून जी पन्नास-पन्नासची वाटणी साधतात, ती आमच्या आजीने 'एवढी एक पेटी कुठेतरी सरकव' असं म्हणत अर्ध्या तासात साधलेली असते. फक्त ही वाटणी चुकीच्या गाडीत झालेली असते. पुढची चाकं हलकी होतात, हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडतात आणि आंबा घाटात पहिला गिअर टाकला की चाकं जागच्या जागी फिरतात.

कोकणात घराकडे जाणारी लाल मातीची चढण हा तर या विषयातला प्रात्यक्षिकाचा वर्ग. पहिला पाऊस पडला की जावईबापूंची चकचकीत गाडी निम्म्यात अडकते. चढावर वजन मागे जातं, ओढणारी पुढची चाकं रिकामी पडतात आणि नुसता चिखल उडवतात. मग घरातलं कुणीतरी ओसरीवरूनच ओरडतं, 'उलटी घ्या, उलटी!' गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढवली, की इंजिन आणि ओढणारी चाकं उताराच्या बाजूला येतात, भार त्यांच्यावर पडतो आणि गाडी निमूट चढते. त्यामुळे पावसाळ्यात जावईबापूंचं सासरी आगमन बऱ्याचदा पाठमोरं होतं. त्याच चढणीवरून मासळीवाल्याची ईको, मागे बर्फाच्या पेट्या घेऊन, हॉर्न वाजवत सरळ तोंडाने वर जाते. ईको मागच्या चाकांची.

इथे या सगळ्या वादातली खरी मेख आहे. आजच्या भारतात मागच्या चाकांच्या गाड्या कोण चालवतं ते बघा. तळाशी ईको, म्हणजे शाळेचे व्हॅनवाले काका, मासळीवाले, कुरिअरवाले. इंजिन सीटखालीच असल्यामुळे काकांना बारा महिने बूड शेकायची सोयही आहे, जिच्यासाठी महागड्या गाड्यांत वेगळे पैसे मोजावे लागतात. त्यांच्याही खाली रिक्षा. इंजिन मागे, ताकद मागच्या दोन चाकांना आणि दिशेला पुढे एकच चाक. खात्यांची इतकी स्वच्छ विभागणी दुसरीकडे सापडायची नाही. इंजिनाची जागा आणि ताकदीची चाकं एवढंच बघितलं, तर रिक्षा आणि पोर्श ९११ एकाच घराण्यातल्या ठरतात. नॅनोही त्यांच्यातलीच, इंजिन मागे, आणि ९११ सारखेच मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद. ती विकताना जाहिरातीत 'एक लाखाची गाडी' म्हणण्याऐवजी 'पोर्शची धाकटी बहीण' म्हटलं असतं तर इतिहास बदलला असता.

मधल्या फळीत बोलेरो, स्कॉर्पिओ, फॉर्च्युनर. कार्यकर्ते स्कॉर्पिओत आणि साहेब फॉर्च्युनरमध्ये; महाराष्ट्राचं राजकारण बरंचसं मागच्या चाकांवर चालतं असं म्हणायला हरकत नाही. इनोव्हा २००५ पासून त्याच गोटात होती. २०२२ मध्ये हायक्रॉस हे नवं नाव घेऊन ती पुढच्या चाकांत गेली. त्या वर्षी राज्यात त्याहून मोठी पक्षांतरं झाल्यामुळे हे कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही. आणि अगदी वर मर्सिडीज सी क्लास, बीएमडब्ल्यू थ्री सिरीज. या दोन टोकांच्या मध्ये जो हप्ते भरणारा, पेट्रोलचा भाव बघून टाकी भरणारा वर्ग आहे, त्याच्या वाट्याला पुढचीच चाकं. स्विफ्ट घ्या, आय ट्वेंटी घ्या, होंडा सिटी घ्या. मागची चाकं माल वाहणाऱ्याला मिळतात किंवा माल असणाऱ्याला.

त्यातही ज्याच्याकडे माल आहे तो मागच्या सीटवर बसतो. पन्नास-साठ लाख मोजून, तोल आणि नियंत्रणाच्या जगन्मान्य रचनेची गाडी घ्यायची आणि डावीकडच्या खिडकीजवळ बसून फोनवर 'मी दहा मिनिटांत पोचतो' असं सांगायचं. कमरेला जो संदेश यायचा तो ड्रायव्हरच्या कमरेला येतो. साहेबांना एक्स्प्रेस वेच्या टोकावर सोडून रिकामी गाडी परत नेताना तो मोठ्या वळणावर ॲक्सिलरेटर अलगद दाबतो, गाडी मागून बसते, आणि या सबंध व्यवहारातली मजा म्हणतात ती त्याच क्षणी, पगारी माणसाच्या खात्यात जमा होते. रिअर व्हील ड्राइव्हचे खरे जाणकार शोधायचे असतील तर विमानतळाच्या पार्किंगमध्ये चहा पीत उभ्या असलेल्या ड्रायव्हर मंडळींत शोधावेत. त्यांच्यातला एक जण मला म्हणाला, 'सर, ही गाडी मागून बोलते. साहेबांना ऐकू येत नाही, ते फोनवर असतात.'

आता विजेच्या गाड्यांनी तर सगळा पटच उलटा केलाय. विजेची मोटर लहान असते, ती मागच्या ॲक्सलवरच ठेवता येते. लांबलचक शाफ्ट लागत नाही, उंचवटा लागत नाही, जावई सुखरूप. इसिगोनिसने जागा वाचवण्यासाठी ताकद पुढे आणली होती; आज एमजीची कॉमेट त्याच्या मिनीपेक्षाही आखूड आहे आणि तिची ताकद मागच्या चाकांना आहे. चाकणहून निघणारी महिंद्राची बीई ६ही मागच्याच चाकांची. शेपूट घसरायला लागलं तर संगणक डोळ्याचं पातं लवायच्या आत आवरतो. म्हणजे ज्या रचनेसाठी भाचा झुरतोय, ती सोसायटीतल्या एखाद्या काकू उद्या कॉमेटमधून मंडईत नेतील, आणि काकूंना फक्त पार्किंगला सोपी गेली याचा आनंद होईल.

तेव्हा निकाल. ज्याला शहरात राहायचंय, वर्षातून चारदोनदा घाट उतरायचाय आणि हप्ताही भरायचाय, त्याने हलकी, हाताने गिअर टाकायची, पुढच्या चाकांची हॅचबॅक घ्यावी आणि भाच्याकडे दुर्लक्ष करावं. कमी ताकदीची गाडी तिच्या पूर्ण ताकदीने चालवण्यात जी मजा आहे, ती जास्त ताकदीची गाडी सिग्नल ते सिग्नल सरकवण्यात नाही. ज्याला मागच्या चाकांची हौस आहे आणि परवडतंही, त्याने जरूर घ्यावी, पण स्वतः चालवावी. ड्रायव्हरला रविवारी सुट्टी द्यावी. टेस्ट ड्राइव्ह घ्याल तेव्हा शोरूमभोवतीच्या सरळ रस्त्यावर एसी गार आहे का एवढंच बघून परत येऊ नका. एखादा चढ आणि एखादं आवळ वळण मागून घ्या, सेल्समन नाराज झाला तरी.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. पुढच्या चाकांच्या गाडीचे पुढचे टायर लवकर झिजतात, म्हणून टायरवाला दोनच नवे टायर घेणाऱ्याला ते पुढे लावून द्यायला बघतो. ऐकू नका. गाडी ओढणारी असो की ढकलणारी, नवे टायर मागे लावा आणि मागचे पुढे आणा. ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर पाय उचलून गाडी सावरता येते. मागची सुटली तर सावरायला सहसा वेळ मिळत नाही. टायरच्या नक्षीची खोली नियमाने किमान १.६ मिलिमीटर हवी. जूनच्या आधी एकदा मोजून घ्या.